झोक्यावरचा अभिप्राय

भडगावच्या बाजारपेठेत साडीला पिको-फॉल करून देणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, पण त्यांतली रेडिओवर बोलणारी एकच. सुलक्षणा. सकाळभर ती मशीनवर मान घालून असते. मागे भिंतीवर रंगारंगाची रिळं, पुढे घाईला आलेलं गिऱ्हाईक. जेवणवेळ सरली की मशीनवर कापड टाकते, शेजारच्या चपलांच्या दुकानात "जरा लक्ष असू द्या" असं सांगते आणि स्कूटीला किक मारते. दोन वाजता तिचा आवाज गिरणेच्या दोन्ही काठांवर पोचलेला असतो.

'गिरणाकाठ रेडिओ' हे नाव जेवढं लांबरुंद, तेवढी जागा नाही. जुन्या वखारीच्या माडीवर दोन खोल्या, गच्चीवर मनोरा. सगळे हौसेने येणारे. कुणालाच पगार नाही, त्यामुळे कुणी कुणावर साहेबासारखं ओरडूही शकत नाही. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्यात. त्या सुलक्षणानेच शिवल्या, दुकानात उरलेल्या चिंध्यांच्या. माईकमध्ये घरघर येते म्हणून कार्यक्रम चालू असताना पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात त्या खोलीत बसून कुणी हसत बोलत असेल, तर ते माणूस मुळातच आनंदी असलं पाहिजे, असं असलमभाई म्हणतात. असलमभाईंचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओचं मशीन त्यांच्या हातात.

सुलक्षणाच्या कार्यक्रमाचं नाव 'मैत्रिणींनो'. एक पाककृती, एखादी माहिती, दोन गाणी आणि मधल्या जागेत तिचं बोलणं. हे बोलणं तिला किती लागतं, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. दुकानात दिवसाकाठी कितीतरी बायका येतात, पण बोलणं काय, तर मॅचिंग धागा आहे का, आणि कधी मिळेल. घरी नवरा हिलाल केळीचा टेम्पो घेऊन निघाला की कधी बऱ्हाणपूर, कधी त्याच्याही पुढे. मुलगी शिकायला जळगावला, पिंप्राळ्यात मावशीकडे. दुपारी दोन वाजता गोधड्यांच्या त्या खोलीत दार लावून घेतलं की मात्र सुलक्षणाला वाटतं, आता आपल्यासमोर कुणीतरी पाय पसरून बसलंय आणि त्याला उठायची घाई नाही.

तो तास जायची वेळ आली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी.

कुंदन क्लासमध्ये गणित शिकवतो आणि रेडिओचं वेळापत्रक बघतो. वेळापत्रक हा त्याचा जीव की प्राण. एके दिवशी तो म्हणाला, "अक्का, दुपारी दोनला बायका झोपतात. त्या वेळी केळीचे आणि मक्याचे भाव लावू. तुमचा कार्यक्रम रविवारी सकाळी आठला घेऊ."

"रविवारी सकाळी आठला बायका काय करतात, माहितीये का तुला?"

"काय करतात?"

"तुला नाहीच माहीत. तू तेव्हा झोपलेला असतोस."

असलमभाई खो खो हसले. कुंदनही हसला, पण मागे हटला नाही. "मग पुरावा आणा. दुपारी ऐकतात म्हणता ना? लोकांना विचारा, त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून आणा. आखाजीचा सण झाल्यावर बैठकीत ठरवू. बायका खरंच ऐकत असतील, तर मी हात लावणार नाही."

बोलणं सरळ होतं. सुलक्षणाने मोबाईल चार्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान लवकर बंद करून गावोगाव निघाली.

अभिप्राय गोळा करणं म्हणजे काय, हे तिला पहिल्याच घरी कळलं. ती ओसरीवर टेकायच्या आत पाणी आलं. "आमच्या रेडिओचा कार्यक्रम कसा वाटतो?" असं तिने विचारेपर्यंत चहा आला. घरातली म्हातारी पदर सावरत मोबाईलजवळ वाकली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "छान शे."

"काय आवडतं त्यातलं?"

"बठ्ठं छान शे."

"काही बदलावं असं वाटतं का?"

"नही माय. काय बदल? बिस्कीट ले."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी चहाऐवजी लिंबाचं सरबत होतं, एवढाच फरक. कुणी तिला ज्वारीच्या बिबड्या तळून दिल्या, कुणी परसातल्या कैऱ्या पिशवीत घातल्या, एका घरी तर कुंकू लावून ओटी भरली. स्कूटीची डिकी भरली आणि मोबाईलमध्ये जमा झालं ते एवढंच, की सगळं छान आहे: छान शे, बठ्ठं छान शे. मागे कपबशीचा किणकिणाट.

दिपमाला तरी खरं बोलेल, असं तिला वाटलं होतं. दोघी एका गल्लीत वाढलेल्या, शाळेच्या वाटेवर एकमेकींच्या वेण्या ओढलेल्या. दिपमालाचं सासर नदीअलीकडच्याच एका गावात. सुलक्षणा गेली तेव्हा ती पापडांना पहारा देत बसली होती. उठली, सासूसमोर हिला जवळ घेतलं, शिरा केला आणि मोबाईलसमोर बसून म्हणाली, "तुन्हा आवाज म्हंजे साखर शे. आमी रोज ऐकतस."

"खरं सांग हं."

"खरंच सांगस वं. बठ्ठं छान शे."

सासूबाईंनीही मान डोलावली.

आठवड्याच्या शेवटी सुलक्षणाने सगळं रेकॉर्डिंग स्टेशनवर लावलं. कुंदन गालावर हात ठेवून ऐकत होता. एका आवाजाशी तो थांबला. कुणी सुनंदाबाई अगदी मनापासून सांगत होत्या, "परवा मंगळवारना कार्यक्रम ते भलता छान व्हयना."

कुंदनने असलमभाईंकडे पाहिलं. असलमभाईंनी छताकडे पाहिलं.

"मंगळवारी तर मशीन उघडून ठेवलं होतं मी," ते म्हणाले. "दिवसभर आवाजच गेला नाही अक्का. तुम्हालाही परत पाठवलं होतं ना?"

सुलक्षणाला हसूही आलं आणि लाजही वाटली. कुंदन तिला टाकून बोलला नाही, तेच जास्त लागलं. तो म्हणाला, "अक्का, यात त्यांची चूक नाही. पण यावरून ऐकतात असं कसं म्हणू?"

घरी जाताना तिने विचार केला, खरंच, कसं म्हणायचं? दारात आलेल्या बाईला, तीही दोन गावं ओलांडून उन्हातान्हात आलेल्या बाईला, कुणी म्हणेल का की तुझं बोलणं कंटाळवाणं आहे? तिच्या दुकानात कुणी चहा घेऊन विचारायला आलं असतं, तर तिनेही हेच केलं असतं. त्यात लबाडी नव्हती. ती रीत होती. पण त्या रीतीखाली तिचा तास चिरडला जात होता.

आखाजीला ती माहेरी गेली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खानदेशात ती माहेरवाशिणींची. कडुलिंबाच्या दणकट फांद्यांना झोके बांधले जातात, घराघरात आमरस आणि पुरणाच्या पोळ्या, कोनाड्यात गौराई. वर्षभर सासरी खालच्या आवाजात बोललेल्या लेकी या दिवसांत गळा मोकळा सोडतात. झोक्यावर चढलं की गाणं म्हणायचं, आणि गाण्यात कुणालाही सोडायचं नाही. वरच्या गल्लीच्या पोरी खालच्या गल्लीला टोमणे मारतात, खालच्या गल्लीच्या वरच्या गल्लीला. सरपंच, सासू, नणंद, दुकानदार, सगळ्यांचा उद्धार होतो. ज्याच्यावर गाणं म्हटलं त्याने रागवायचं नाही. गाण्यानेच उत्तर द्यायचं. नाही दिलं तर हार.

सुलक्षणा या खेळात कधीच नव्हती. तिचा आवाज बोलायचा, गायचा नाही. ती नूतनवहिनीबरोबर, म्हणजे भावाच्या बायकोबरोबर, लिंबाखालच्या ओट्यावर बसून कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावत होती. झोक्यावर दिपमाला होती. तीही आली होती माहेरी. दोरीला धरून ती उभ्याने झोका चढवत होती, काष्टा घातलेला, अंगात पंधरा वर्षांच्या पोरीचा वारा.

आधी सरपंचाचं झालं. मग कुणाच्या तरी जावयाचं. मग झोका वर गेला, आणि वरूनच दिपमालाने सुलक्षणाकडे पाहिलं.

"दोन वाजनात, रेडिओ बोलस,
सुलक्षणाबाई मैत्रीण म्हनस.
मैत्रीण म्हनस वं, मैत्रीण म्हनस,
आमना गल्लीमा कधी नही येस."

खालच्या बायकांनी ओळ उचलली. नूतनवहिनीने पटकन पदर तोंडाला लावला. सुलक्षणाने हसून हात केला. एवढं चालायचंच. पण झोका परत खाली येऊन वर गेला होता.

"भरीतमा तेल सांगी गयी,
मीठ सांगानं भुली गयी.
भरीत शिकाडस खानदेशले,
कोन आवरी या बाईले."

आता लिंबाखाली हसण्याचा लोंढा आला. एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली. सुलक्षणाच्या हातातली फोड ताटलीत पडली. भरताची पाककृती? ती तर तिने थंडीत सांगितली होती, वांग्यांचे ढीग लागले होते तेव्हा. त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं. आणि मीठ? मीठ राहिलं होतं? तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. इथे मात्र गल्लीतल्या निम्म्या बायकांना ते पाठ होतं.

"गिरनानं पानी पीसन मोठी व्हयनी,
पुनानी बोली कथाईन लयनी?"

हे मात्र सुईसारखं आत गेलं. रेडिओवर बोलायचं म्हणजे नीट, पुस्तकातल्यासारखं बोलायचं असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं. आपण छान बोलतो याचा तिला मनातून अभिमानही होता. तिचे कान तापले. नूतनवहिनी कुजबुजली, "अक्का, मनावर नका घेऊ."

झोका थांबला. दिपमाला दोरी सोडून खाली उतरली, धापा टाकत, गालभर हसू.

"तू ते म्हने ना, बठ्ठं छान शे?" सुलक्षणाने विचारलं.

"तू मन्हा घर येल व्हती. घर येल बाईले कोनी वाकडं बोलस का?"

"आनि आठे?"

"आठे झोका शे. झोकावर बठ्ठं चालस." दिपमालाने ताटलीतली कैरी उचलून तोंडात टाकली. "चल, जवाब दे. नही ते तू हारनी."

सगळ्या बायका सुलक्षणाकडे बघत होत्या. तिच्याकडे जवाब नव्हता. पण तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी हळूहळू उजळत चाललं होतं. मीठ राहिल्याचं कुणाला कळेल? ऐकणाऱ्याला. तेही कान देऊन, पापड लाटता लाटता हात थांबवून ऐकणाऱ्याला. आवाज बंद असलेल्या मंगळवारचं कौतुक कुणीही करू शकतं. थंडीतल्या एका दुपारच्या चिमूटभर मिठाची चुगली दुसरं कोण करणार?

तिने कमरेचा मोबाईल काढला.

"पुन्हा म्हन," ती म्हणाली.

"आं?"

"पुन्हा झोका चढव आनि पुन्हा म्हन. बठ्ठं. मी भरी लेस याम्हा."

दिपमालाने बाकीच्यांना हाक मारली आणि काष्टा पुन्हा खोचला. दुसऱ्यांदा गाणं पहिल्यापेक्षा मोठ्याने झालं आणि त्यात दोन कडवी वाढली. एक सुलक्षणाच्या हसण्यावर होतं. हसायच्या आधी ती घसा खाकरते, असं त्यात होतं. हेही खरं निघालं.

ती घरी परतली त्या रात्री हिलालने जेवण करता करता ते रेकॉर्डिंग ऐकलं. घास हातात तसाच.

"'दोन वाजनात'चं पहिलं कडवं तेवढंच लाव बैठकीत," तो म्हणाला. "पुढचं कशाला? तिथे कुंदन आहे, असलमभाई आहेत. बाकीची पोरंसोरं असतील. उद्या बाजारात तुला 'मीठ' म्हणून हाक मारतील."

"पहिल्या कडव्यावरून काय सिद्ध होतं? वेळ तर स्टेशनच्या फलकावर पण लिहिलेली आहे."

"मग बघ बुवा तू."

तिने पाहिलंच. बैठकीपर्यंतचे दिवस ती मशीनवर बसून ते गाणं मनात म्हणत राहिली आणि प्रत्येक वेळी पुण्याच्या बोलीशी येऊन अडली. ते कडवं कापता आलं असतं. तिची मुलगीच तिला मोबाईलवर शिकवून गेली होती, सुरुवात-शेवट कसा कापायचा. एकदा तिने बोट नेलंही. मग एका गिऱ्हाइकाने मॅचिंग धागा मागितला आणि ते राहून गेलं. पुन्हा मात्र तिने प्रयत्न केला नाही.

बैठक वखारीच्या माडीवर, बाहेरच्या खोलीत. इथे पंखा चालू ठेवता येतो, म्हणून सगळे इथेच बसतात. कुंदनने नवं वेळापत्रक भिंतीला लावलं होतं. दोन वाजताच्या चौकोनात 'बाजारभाव' असं सुबक अक्षरात होतं. सुलक्षणाने त्याकडे न बघायचा प्रयत्न केला.

"आणलंय का अक्का काही?" कुंदनने विचारलं.

"आणलंय. पण हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्ये हसलात तर ऐकू येणार नाही."

तिने मोबाईल टेबलावर ठेवला, दाबला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खाली बाजारात टरबुजांची गाडी लागली होती. मागे झोक्याची दोरी करकरली. पहिलं कडवं झालं, कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्याला असलमभाईंनी टेबलावर थाप मारली. तिसरं सुरू झालं तेव्हा तिने खिडकीचा गज धरला. पुनानी बोली कथाईन लयनी. घसा खाकरण्याचं कडवं आलं आणि त्याच वेळी, काय करणार, तिने घसा खाकरला.

मग मात्र खोली कोसळली. असलमभाई खुर्चीतून वाकून हसत होते, "या अल्ला, अक्का, माफ करना," म्हणत होते आणि पुन्हा हसत होते. सुलक्षणा वळली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. तीही हसली.

कुंदन मात्र हसत नव्हता. त्याने मोबाईल उचलून भरताचं कडवं पुन्हा लावलं.

"हे केव्हाचं?" त्याने विचारलं. "भरताचं?"

"थंडीतलं."

"आणि तुमचं खाकरणं रोजचं."

"रोजचंच दिसतंय."

"म्हणजे ऐकतात," कुंदन म्हणाला. गणित सुटल्यावर क्लासमध्ये त्याचा आवाज येतो, तसा. "एकदा नाही. सारखं ऐकतात. माझे भाव इतके पाठ नसतील कुणाला." तो उठला, भिंतीपाशी गेला आणि 'बाजारभाव' वर एक रेघ मारली. "तीनला घेतो मी भाव. तीनलाच बरे."

असलमभाईंनी डोळे पुसले. "कुंदन, ये गाना उद्या लावू या ना. पूरा."

"लावू या की," कुंदन म्हणाला. "अक्का, चालेल?"

"नाही चालणार," सुलक्षणा म्हणाली. "एकटं नाही चालणार. झोक्यावर गाणं म्हटलं की जवाब द्यावा लागतो. मी दिलेला नाही. मी हरलेली आहे अजून."

त्या संध्याकाळी तिने दिपमालाला फोन केला. गाणं लावायचंय म्हणाली. दिपमाला आधी लाजली, मग नको म्हणाली, मग हो म्हणाली. "लाव. पन मन्हं नाव नको सांगू. सासू ऐकस." फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "तू जवाब देशी का?" सुलक्षणा "बघू" म्हणाली. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. रात्रभर मशीनच्या लयीत ओळी बसवायच्या म्हटलं तर मशीन दुकानात. सकाळी दुकानात मात्र दोन पिवळ्या साड्यांच्या मध्ये जवाब आपणहून आला. ती एकटीच हसली. स्टुलावर बसलेल्या बाईने विचारलं, "काय झालं?" सुलक्षणा म्हणाली, "दोन वाजता रेडिओ लावा."

दोन वाजता गोधड्यांच्या खोलीत पंखा बंद झाला. काचेपलीकडे असलमभाई, त्यांच्या बाजूला कुंदन. सुलक्षणाने घसा खाकरला, मग आपण खाकरलो हे लक्षात येऊन तिला हसू आलं आणि ते तसंच माईकमध्ये गेलं.

"मैत्रिणींनो," ती म्हणाली आणि थांबली. मग, "आज पुस्तकनं बोलनं नही. आज घरनं बोलस. आखाजीले मन्हावर एक गानं व्हयनं, ते आधी ऐका."

गाणं वाजलं, झोका करकरला, हसणं भिंतींच्या गोधड्यांत विरलं. मग तिने माईक जवळ ओढला. सूर तिचा नव्हताच, तेव्हा तिने बोलण्याचीच चाल केली.

"च्या पाजतस गोड वं गोड,
झोकावर काढतस बठ्ठी खोड.
जलमथीन भरीत करतस वं,
मिठसाठे रेडिओनी वाट दखतस वं?"

काचेपलीकडे असलमभाईंनी दोन्ही हात वर केले. फोनचा लाल दिवा लागला आणि विझेना. पहिला फोन एका गावातून, थंडीत ऐकून केलेल्या भरतात जिने मीठ घातलं नव्हतं तिच्याकडून. तिचा नवरा अजून बोलून दाखवतो म्हणे. दुसरा नदीपलीकडून, जवाबावर जवाब घेऊन. तिसरा एका म्हातारीचा. आवाज सुलक्षणाने ओळखला. दिपमालाच्या सासूबाई.

"गानं कोनी म्हनं, ते माले समजनं," सासूबाई म्हणाल्या. "आमनीच शे ती. गया बराच दिवस ती मन्हावर बी एक म्हनस, माले माहीत शे. तिले मन्हा बी जवाब शे. म्हनू का?"

"म्हना ना माय."

सासूबाईंनी गायला सुरुवात केली. आवाज फाटका होता आणि कडवी मोजकी नव्हती. घड्याळात तीन वाजायला आले. कुंदन दारात येऊन उभा राहिला, हातात केळीचे भाव. सुलक्षणाने त्याच्याकडे पाहिलं. तिने हाताने पाच मिनिटं मागितली. त्याने भाव घडी करून खिशात घातले, खुर्ची ओढली आणि दाराशीच बसून पुढचं कडवं ऐकू लागला.